काकांचे १२ ड्राफ्ट

४ वीकेंड, १२ वर्षं, २४० खेळाडू. आणि त्यातला एकही खरा नाही. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, एवढा वेळ स्थळं बघायला दिला असतास तर एव्हाना साखरपुडा झाला असता. तिचं गणित काही चुकीचं नाही. पण सध्या माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट उघडी आहे आणि ती डोक्यातून जात नाहीये. तर आज तिच्याबद्दलच.

आधी थोडी पार्श्वभूमी देतो, नाहीतर इथूनच पळून जाल. 'आऊट ऑफ द पार्क बेसबॉल' नावाचा एक गेम आहे. मार्कुस हाइनझोन नावाच्या जर्मन माणसाने तो बनवला, पहिली आवृत्ती १९९९ साली आली. (बेसबॉलचा इतका भारी गेम एका जर्मन माणसाने लिहावा, म्हणजे विटीदांडूचा गेम नॉर्वेत तयार होण्यासारखं आहे. असो.) यात तुम्ही बॅट फिरवत नाही. तुम्ही मॅनेजर असता. कोणाला घ्यायचं, कोणाला सोडायचं, कोणाला किती पैसे द्यायचे हे तुम्ही ठरवायचं आणि मॅच कंप्युटर खेळतो. तुमच्यासमोर येतात ते आकड्यांचे तक्ते. माझ्या मित्राने पाच मिनिटं मागे उभं राहून बघितलं आणि विचारलं, "तू घरी येऊन पण ऑफिसचंच काम का करतोस रे?"

एकट्यानेही खेळता येतो, पण खरी गंमत ऑनलाईन लीगची. आमच्या लीगमध्ये २४ टीम आणि २४ माणसं. बहुतेक सगळे अमेरिकेतले, दोघं कॅनडातले आणि पुण्यातून एकटा मी. आठवड्यातून तीनदा आमचा कमिशनर लीगची फाईल पुढे सरकवतो, त्यामुळे तिथला एक सीझन इथल्या अडीच महिन्यांत उरकतो. आमच्याकडे सध्या २०४१ साल चालू आहे. माझी टीम ओहायोतल्या एका शहराची आहे. त्या शहरात मी कधी पाऊल ठेवलेलं नाही, पण तिथल्या मैदानाची उजवी भिंत किती फुटांवर आहे ते झोपेतही सांगेन.

ही टीम मी २०३६च्या सीझनआधी घेतली. घेतली म्हणजे, अनाथ पडली होती. २०२४ ते २०३५ ती चालवणारे गृहस्थ शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. एके दिवशी दोन ओळींचा निरोप टाकून ते लीग सोडून गेले. मी त्यांना मनातल्या मनात काका म्हणतो. काकांच्या काळात टीमने एकदा, २०२९ साली, लीग जिंकली आणि नंतर जी घसरली ती तळाशी जाऊनच थांबली. कारण काय, तर सगळ्यांचं एकमत: काकांचे ड्राफ्ट. लीगमध्ये त्यांचं नाव चक्क क्रियापद झालं होतं. कोणी पहिल्या फेरीत बोगस पोरगा उचलला की लगेच बाकीचे लिहायचे, आज याने पण 'केलं'!

ड्राफ्ट म्हणजे काय, हे आयपीएलवाल्यांना सांगायला हवं. आयपीएलच्या लिलावात ज्याच्या खिशात पैसे तो खेळाडू नेतो. बेसबॉलच्या ड्राफ्टमध्ये रांग असते. शाळा-कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या पोरांची यादी लागते आणि टीमनी क्रमाने एकेकाचं नाव घ्यायचं. आदल्या वर्षी जो सगळ्यात वाईट खेळला त्याचा नंबर पहिला. खऱ्या मेजर लीगमध्ये ही पद्धत १९६५ साली सुरू झाली. (२०२३च्या ड्राफ्टपासून तिथे वरच्या नंबरांसाठी सोडत काढतात, कारण काही टीम मुद्दाम हरतात अशी शंका लोकांना यायला लागली होती. आपल्याकडे अशी शंका यायला काही लागत नाही.) आणि नाव घेतलं म्हणजे पोरगा लगेच खेळायला लागला असं नाही. आधी रूकी लीग, मग ए, डबल ए, ट्रिपल ए अशा पायऱ्या. चार-पाच वर्षं बसमधून गावोगाव फिरायचं. बहुतेक पोरं वरपर्यंत पोचतच नाहीत. म्हणजे आज घेतलेल्या निर्णयाचा निकाल कळेपर्यंत निर्णय घेणारा बऱ्याचदा तिथे नसतो.

आता मी हे उद्योग का केले? निव्वळ टाईमपास नव्हता. काकांनी नेमलेला स्काऊटिंग डायरेक्टर, म्हणजे पोरं पारखणारा मुख्य माणूस, (तोही अर्थातच कंप्युटरचा) अजून माझ्या पगारपत्रकावर होता आणि त्याचा करार यंदा संपतोय. लीगमधल्या तिघांनी मला स्वतंत्रपणे सांगितलं, पहिल्यांदा त्याला घालव. पण घालवायचं तर निदान पुरावा तरी बघावा, नाही का? प्रॉडक्शनमध्ये काही फुटलं की सगळे म्हणतात शेवटचा चेक-इन ज्याचा त्याची चूक. लॉग उघडून बघणारा एखादाच.

तर मी लॉग उघडले.

गेम प्रत्येक सीझनच्या शेवटी त्या वर्षाची सगळी पानं जपून ठेवतो. त्याला अल्मनॅक म्हणतात. म्हणजे आपलं पंचांगच की. कोणाला कितव्या फेरीत घेतलं, कोण कुठे खेळला, कोण जखमी झाला, सगळं त्यात सापडतं. शिवाय आमच्या कमिशनरने जुन्या फाईलींचे बॅकअप ठेवले होते, तेही त्याने मागितल्याबरोबर पाठवले. (कुठल्याही टीममध्ये बॅकअप ठेवणारा एक माणूस असतो आणि त्याचे आभार मानणारं कोणी नसतं. मी मानले.) एक्सेलमध्ये प्रत्येक पोरासाठी एक ओळ केली: कितवा नंबर, त्या दिवशी स्काऊटने काय लिहिलं होतं, त्याच्यानंतरच्या पाच नंबरांत कोण गेलं, आणि शेवटी कोणाचं काय झालं.

बेसबॉलचे स्काऊट २० ते ८० अशा मापाने गुण देतात. ५० म्हणजे मेजर लीगचा सर्वसाधारण खेळाडू, ८० म्हणजे देवमाणूस. प्रत्येक पोराचे दोन आकडे असतात: आज किती, आणि पुढे जास्तीत जास्त किती होईल. अठरा वर्षांच्या पोराचा आजचा आकडा २५ असतो, त्याला कोणी विचारत नाही. सगळा जुगार दुसऱ्या आकड्यावर. आणि हा दुसरा आकडा दोन प्रकारे फसवतो. एक म्हणजे स्काऊट चुकू शकतो. पोरगा खरा ५५चा, त्याला दिसला ६५चा. ही चूक पैशाने कमी करता येते: चांगला स्काऊट नेमा, त्याला बजेट द्या. पण दुसरी भानगड अशी की तो खरा आकडाही जागेवर राहत नाही. एखादा पोरगा विसाव्या वर्षी अचानक फुलतो, एखादा कोमेजतो. गेममध्ये हे नशीब किती खेळ करणार याची सेटिंगच आहे. स्काऊट कितीही हुशार असला तरी जे अजून ठरलेलंच नाही ते त्याला कुठून दिसणार?

काकांची सगळ्यात बदनाम निवड २०२८ची. पहिली फेरी, चौथा नंबर, शाळेतला डावखुरा पिचर, उंची सहा फूट सहा इंच. गेममधली नावं कंप्युटर पाडतो आणि ती लक्षात राहत नाहीत, म्हणून मी सगळ्यांना आपली नावं ठेवलीत. हा ताड्या. ताड्याचं कोपर विसाव्या वर्षी गेलं, ऑपरेशन झालं, बाविसाव्या वर्षी परत गेलं, आणि चोविसाव्या वर्षी तो निवृत्त झाला. डबल एच्या वर कधी आलाच नाही. आणि त्याच्यानंतर दोनच नंबरांनी, सहाव्या क्रमांकावर, दुसऱ्या टीमने एक शॉर्टस्टॉप घेतला. त्याला मी सोन्या म्हणतो. सोन्या दोनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू झालाय आणि दरवर्षी आम्हाला धुतो. लीगमधले काकांवरचे निम्मे विनोद या जोडीवर आहेत.

मी त्या दिवसाचा रिपोर्ट काढला. ताड्या: फास्टबॉल ७०, कंट्रोल ५०, मेहनती, दुखापतीची खोड 'नॉर्मल'. सोन्या: हात चांगला, बॅटिंग जेमतेम ४५पर्यंत जाईल. म्हणजे आपल्या भाषेत, एकाला डिस्टिंक्शनची खात्री आणि दुसरा काठावर पास. बरं, हा आमच्याच स्काऊटचा रिपोर्ट म्हणावा, तर गेममध्ये सगळ्या टीमना दिसणारा एक सामाईक स्काऊटिंग रिपोर्टही असतो, त्यातही ताड्या तिसरा आणि सोन्या पार एकतिसावा. सोन्याला सहाव्या नंबरवर घेणाऱ्या मॅनेजरला मी विचारलं, तुला काय दिसलं होतं? तो म्हणाला, मला शॉर्टस्टॉप हवा होता आणि हा कमी पैशांत सही करायला तयार होता. बास. लीगमध्ये त्याला आजही द्रष्टा समजतात.

मग माझ्या डोक्यात किडा वळवळला. २०२८च्या ड्राफ्टनंतर लगेचचा बॅकअप माझ्याकडे होता. तो घरच्या मशीनवर उघडला आणि सगळ्या टीम कंप्युटरच्या हवाली करून दहा वर्षं पुढे पळवला. मग परत तीच फाईल, परत दहा वर्षं. असं वीस वेळा. एका खेपेला दोनेक तास लागायचे, बटण दाबून झोपायचं, सकाळी दूध तापवताना निकाल बघायचा. माणसांच्या जागी कंप्युटर मॅनेजर असल्यामुळे हा प्रयोग काही शास्त्रशुद्ध नाही, मला मान्य आहे. पण निकाल ऐका. वीसपैकी सात जगांमध्ये ताड्या मेजर लीगचा पक्का पिचर झाला, त्यातल्या दोनांत तर दहशत. सोन्या फक्त दोन जगांमध्ये स्टार झाला. पाचांत राखीव खेळाडू, आणि उरलेल्या तेरांत तो वर आलाच नाही. एका जगात त्याला पंचविसाव्या वर्षी टीमने सोडून दिलं आणि नंतर त्याचा पत्ताच नाही.

म्हणजे आमच्या लीगमधले २४ लोक ज्या जगात राहतात ते त्या वीसातल्या दोन जगांसारखं निघालं, आणि त्यावरून काकांना ड्राफ्ट कळत नाही असा निकाल लागला.

खऱ्या आयुष्यात हा प्रयोग करता येत नाही, हीच तर खरी अडचण आहे. १९६६ साली न्यूयॉर्क मेट्सने पहिल्या नंबरवर स्टीव्ह चिलकॉट नावाचा कॅचर घेतला. दुसऱ्या नंबरवर गेला रेजी जॅक्सन. जॅक्सन हॉल ऑफ फेममध्ये, चिलकॉट मेजर लीगची एकही मॅच खेळला नाही. त्याचा खांदा कामातून गेला. १९९१ साली यांकीजनी ब्रायन टेलरला पहिल्या नंबरवर घेऊन साडेपंधरा लाख डॉलर मोजले. डिसेंबर १९९३मध्ये एका मारामारीत त्याचा पिचिंगचा खांदा गेला आणि तोही वर पोचला नाही. मारामारीचा आकडा कुठल्या स्काऊटने कुठल्या रकान्यात लिहायचा?

मला सगळ्यात जास्त अडकवून ठेवते ती २०१३ची गोष्ट. ह्यूस्टनचा पहिला नंबर होता, त्यांनी स्टॅनफर्डचा पिचर मार्क अपेल घेतला. दुसऱ्या नंबरवर शिकागो कब्जने क्रिस ब्रायंट घेतला. २०१६ साली ब्रायंट नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला आणि त्याच वर्षी कब्जने १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. अपेल दुखापतींना आणि अपेक्षांना कंटाळून २०१८ साली खेळातून बाजूला झाला. त्याच्या नावापुढे 'फुकट गेलेला पहिला नंबर' हा शिक्का बसला तो बसलाच. मग २०२१ साली तो परत आला, ट्रिपल एपर्यंत चढला आणि जून २०२२मध्ये, तिसाव्या वर्षी, फिलाडेल्फियाकडून मेजर लीगमध्ये उतरला. मोजक्याच मॅच खेळला. ह्यूस्टननेही मधल्या काळात, २०१७ साली, वर्ल्ड सिरीज जिंकली. मग ती निवड चुकली म्हणायची का? मला विचाराल तर त्या दिवशी, त्या माहितीवर, ती निवड ठीक होती. पण हे वाक्य ब्रायंटच्या फोटोशेजारी छापून बघा, लोक हसतील.

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे. २००८ साली पहिल्या आयपीएलच्या वेळी एकोणीस वर्षांखालच्या वर्ल्ड कपमधल्या पोरांसाठी लिलाव नव्हता, ड्राफ्टच होता. दिल्लीने आपल्या घरच्या विराट कोहलीला सोडून डावखुरा फास्ट बोलर प्रदीप सांगवान घेतला. कोहली गेला बंगलोरला. आज हे ऐकून कोणीही कपाळावर हात मारेल. पण दिल्लीकडे सेहवाग होता, गंभीर होता, बॅटिंग भरलेली होती. त्यांना बोलर हवा होता. मार्च २००८मध्ये तुम्ही दिल्लीच्या टेबलावर बसला असतात तर? खरं सांगा.

उलटी उदाहरणंही तितकीच. माईक पियाझाला १९८८ साली ६२व्या फेरीत घेतलं, तेही डॉजर्सचा मॅनेजर टॉमी लासोर्डा त्याच्या वडलांचा मित्र म्हणून. तो पियाझा २०१६ साली हॉल ऑफ फेममध्ये गेला. अल्बर्ट पुहोल्स १९९९च्या १३व्या फेरीतला. २००९ साली माईक ट्राऊटच्या आधी २४ नावं पुकारली गेली, आणि त्यातलं २४वं नाव पुकारणारी टीम एंजल्सच होती. म्हणजे ज्यांनी पंचविसाव्या नंबरवर ट्राऊट घेतला त्यांनीच आदल्या नंबरवर दुसरा पोरगा घेतला होता! तो पोरगा, रँडल ग्रिचक, चांगला खेळाडू निघाला, पण ट्राऊट तो ट्राऊट. एंजल्सना ट्राऊट कोण आहे हे पक्कं ठाऊक असतं तर एक नंबर थांबले असते का?

आमच्या टीमचा असा ट्राऊट म्हणजे बारक्या. पाच फूट सात इंच, सेकंड बेस, २०३१चा ड्राफ्ट, १७वी फेरी. आज तो माझा कॅप्टन आहे. हा पण काकांनीच घेतलेला, पण याचं श्रेय काकांना कोणी दिल्याचं मी वाचलेलं नाही. बारक्याबद्दल सगळे म्हणतात, नशीब! ताड्या मात्र अक्कल नाही म्हणून.

इथपर्यंत मी काकांचा वकील झालो होतो. पण शीट जसजशी भरत गेली तसा एक पॅटर्न दिसायला लागला आणि तो काकांच्या बाजूचा नव्हता. २०२४ ते २०२९च्या पोरांची वाढ लीगच्या सरासरीच्या आसपास होती. कोणी वर, कोणी खाली, जसं व्हायचं तसं. २०३०पासून मात्र जवळजवळ प्रत्येक पोरगा एकाच वयात, वीस-एकवीसच्या सुमारास, अडकलेला. रिपोर्ट चांगले, नंबर चांगले, आणि वाढ खुंटलेली. नशीब असं ओळीने सहा वर्षं एकाच दिशेने पडत नाही. नाणं सलग काटाच दाखवायला लागलं की नाणं तपासायचं.

व्यवहारांची यादी काढली तेव्हा उलगडा झाला. २०२९चं विजेतेपद मिळाल्यावर काकांनी आपल्या ३२ वर्षांच्या स्टार बॅट्समनला सात वर्षांचा करार दिला. गेममध्ये टीमला एक मालक असतो, तो बजेट ठरवतो. मालकाने हात आखडला, तेव्हा काकांनी पैसे काढले कुठून? पोरांच्या ट्रेनिंगच्या बजेटमधून. खालच्या टीमचे अनुभवी कोच गेले, स्वस्तातले आले. डबल एमध्ये जागा भरायला माणसं नव्हती म्हणून अठरा-एकोणीस वर्षांची पोरं थेट तिथे ढकलली गेली. न झेपणाऱ्या पातळीवर पोरगा टाकला की तो मार खातो, आणि मार खाऊन खाऊन त्याचा वाढायचा काळच निघून जातो. २०३२चा पहिल्या फेरीतला पहिलवान, कॉलेजचा धिप्पाड फर्स्ट बेसमन, दोन महिन्यांत तीन पायऱ्या चढवला होता. नंतर तो कधी सावरला नाही.

इथे मात्र काका चुकले, माझ्या मते साफ चुकले. स्टारला ठेवल्याबद्दल मी त्यांना काही म्हणणार नाही, विजेतेपद काय रोज मिळतं? पण त्याची किंमत अशा रकान्यातून कापली की जिथलं नुकसान चार वर्षांनी दिसतं. आणि मजा म्हणजे, जी चूक त्यांनी खरंच केली तिच्याबद्दल लीगमध्ये एक अक्षर नाही. शिव्या पडल्या त्या ड्राफ्टला, कारण ड्राफ्टची बातमी होते. डबल एच्या हिटिंग कोचची बातमी होत नाही. माझा स्काऊट बिचारा सहा वर्षं बरोबरच सांगत होता. त्याचा करार मी परवा वाढवला.

आता थोडं ऑफिसचं. गेली दोन वर्षं मी कॅम्पस इंटरव्ह्यूच्या पॅनेलवर आहे. मागच्या महिन्यात मीटिंग झाली, यंदा कुठल्या कॉलेजांत जायचं. एका जिल्ह्याच्या गावातल्या कॉलेजवर फुली मारायचं चाललं होतं. तिथून दोन वर्षांपूर्वी चार पोरं घेतली होती, त्यातली दोघं सोडून गेली, एकाचं रेटिंग तळाला, एक कसाबसा. निष्कर्ष तयार: 'तिथली पोरं चालत नाहीत.' काकांच्या शीटमधून मी नुकताच बाहेर आलो होतो, त्यामुळे जुने इंटरव्ह्यूचे गुण मागवले. चौघंही त्या वर्षीच्या वरच्या निम्म्यात होती. मग बघितलं की त्यांना टाकलं कुठे. चौघंही एकाच सपोर्ट प्रोजेक्टवर, रात्रपाळी, त्यांच्या वयाइतका जुना कोड, आणि शिकवायला जो सिनियर दिला होता तो दुसऱ्या महिन्यात कंपनी सोडून गेला. नावाजलेल्या कॉलेजची पोरं त्याच वेळी नव्या प्रॉडक्टच्या टीममध्ये बसली होती.

मीही तसल्याच एका गावातल्या कॉलेजचा आहे. मला पहिल्या प्रोजेक्टवर एक मॅडम सिनियर म्हणून मिळाल्या होत्या, त्या माझा कोड ओळ न् ओळ वाचायच्या आणि लाल करून परत पाठवायच्या. तेव्हा त्यांचा राग यायचा. त्या दुसऱ्या टीममध्ये असत्या तर आज मी पॅनेलवर बसून कोणाला गुण देत असतो की कोणाच्या तरी शीटमध्ये 'चालला नाही' अशी एक ओळ असतो, हे वीस वेळा पळवून बघायची सोय नाही.

मीटिंगमध्ये मी हे सगळं मांडलं. (ताड्याचं नाव घेतलं नाही, तेवढी अक्कल आहे :)) उत्तर आलं, चार हा आकडा फार लहान आहे, यावरून काही सिद्ध होत नाही. बरोबरच आहे. पण मग फुली मारायलाही तो तितकाच लहान आहे की! शेवटी निर्णय पुढच्या तिमाहीवर ढकलला गेला. आयटीत यालाच विजय म्हणतात.

शीट पूर्ण झाल्यावर मी ती लीगमध्ये सगळ्यांना पाठवली आणि कमिशनरकडून काकांचा पत्ता घेऊन त्यांनाही एक मेल टाकला. लिहिलं की सर, तुमच्या १२ वर्षांच्या निवडी मी तपासल्या, २०२८ची निवड त्या दिवशीच्या माहितीवर योग्यच होती, सोबत वीस जगांचा तक्ता जोडला आहे. ट्रेनिंगच्या बजेटचं पण स्पष्ट लिहिलं.

आठवडाभर काही नाही. मला वाटलं, गेले कंटाळून. मग रविवारी उत्तर आलं. बजेटचं त्यांना पटलं होतं, म्हणाले, हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण ताड्याबद्दल त्यांनी जे लिहिलं ते वाचून मी खुर्चीतच हसत सुटलो. म्हणाले, तुझा तक्ता सुंदर आहे, पण तो रिपोर्ट मी वाचलाच नव्हता. माझ्या वर्गात एक असाच उंच डावखुरा मुलगा होता, बीजगणितात नापास व्हायचा आणि मैदानावर कोणाला ऐकायचा नाही. यादीत सहा फूट सहा इंच डावखुरा दिसला आणि मी नाव घेतलं.

आता बोला! मी महिनाभर लॅपटॉप तापवून ज्या निर्णयाची बाजू लढवली तो निर्णय असा झाला होता. निवड योग्य होती यावर मी अजूनही ठाम आहे, फक्त 'निर्णय योग्य होता' असं म्हणताना जीभ जराशी अडखळते. शीटमध्ये मी एक नवीन रकाना घातलाय: 'का घेतला?' २४० ओळींपैकी एकच भरलेली आहे.

मेलच्या शेवटी त्यांनी विचारलं होतं, बारक्या अजून दुसऱ्या नंबरला बॅटिंग करतो का? मी लिहिलं, करतो, आणि यंदा त्याचा ऑन-बेस टीममध्ये सगळ्यात चांगला आहे. त्यावर त्यांनी कमिशनरला मेल करून विचारलं की एखादी टीम रिकामी आहे का. एक होती.

पुढचा ड्राफ्ट शनिवारी रात्री तिकडच्या नऊला, म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळी साडेसहाला. काकांचा नंबर सहावा, माझा सातवा. यादीतला एक पिचर मला फार आवडलाय. शाळेतला आहे, डावखुरा, सहा फूट पाच इंच.